पाठीवर मारा, पण…

‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ ही म्हण वर्गात समजावून सांगताना मला हल्ली बर्फावरची हॉकी आठवते. ८ मार्च २००४ रोजी कॅनडातल्या व्हँकूव्हरला टॉड बर्टुझीने स्टीव्ह मूरच्या डोक्यावर मागून ठोसा हाणला नि त्याला बर्फावर आपटले. मूरच्या मानेचे मणके मोडले. तो पुन्हा कधी खेळलाच नाही. म्हणजे पाठीबरोबर पोटही गेले! मारणारा मात्र बंदी भोगून २००५ साली परतला. पुढल्याच वर्षी कॅनडातर्फे ऑलिंपिकही खेळला. ही शिक्षा म्हणावी, की बिनपगारी रजा? तिकडे कित्येक मुलांच्या जर्सीवर, पाठीच्या बाजूला, ‘स्टॉप’ अशी लाल पाटी शिवतात. इंग्रजी अक्षरे चारच. पण घसरत्या वेगात ती वाचणार कोण, अशी मज मास्तराला शंका येते.