‘किती देते?’ विचारण्याआधी

आर्वी, जि. वर्धा
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू तीन गाड्यांची नावं सांगितलीस आणि ‘ताई, कोणती घेऊ ते तूच सांग’ म्हणालास. तेव्हा तुझे भाऊजी शेजारीच बसले होते. मला जे सांगायचं होतं ते आठवलं की त्यांना अजून लागतं, म्हणून गप्प राहिले. आता लिहिते.

बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा तू पुण्यात होतास. आम्ही वेळेत सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचलो, एवढंच तुला कळवलं होतं. ते खरंच आहे, पण आपल्या गाडीतून नाही पोचलो. रात्रीचा दीड वाजलेला, आषाढाचा पाऊस. हे गाडी चालवत होते. मी मागच्या सीटवर, बाबांचं डोकं माझ्या मांडीवर. खरांगण्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि दोन मिनिटांत गाडीने पिकअपच सोडला. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी काटा चाळीसच्या वर जाईना. यांनी गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तरी तेच. बाबांचा तळहात गार पडत चालला होता आणि पुढे वर्धेचा निम्म्याहून जास्त रस्ता बाकी होता. शेवटी ओळखीच्या एका माणसाने झोपेतून उठून त्याची जुनी बोलेरो आणली. मागे दुधाचे कॅन तसेच होते. त्यातून आम्ही बाबांना नेलं.

गाडी अडीच वर्षांची, सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर झालेल्या. नंतर मिस्त्रीने सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर एक गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. धुरातली काजळी ती धरून ठेवते आणि भरत आली की जाळून टाकते. जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळाली तरच ती मिळते. माझी गाडी काय करत होती? घर ते शाळा सहा किलोमीटर, मध्ये बाजार, परत घर. काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडायचं आणि तेवढ्यात मी किल्ली काढायची. गाळणी भरत गेली आणि न जळलेलं डिझेल खाली उतरून ऑइल पातळ करत राहिलं. म्हणून गाडीचं नाव मी लिहीत नाही. हीच गाडी रोज नागपूरला जाणाऱ्याकडे असती तर दहा वर्षं कुरकुरली नसती. आमच्या वापराला ती जुळत नव्हती, आणि घेताना ते आम्हाला कोणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आम्ही एकच विचारलं होतं, ‘किती देते?’

म्हणून आधी तुझं रनिंग मांडते. ऑफिस तीन किलोमीटर, दिवसातून दोनदा. दर रविवारी आर्वी. वर्षातून दोनदा पुणे. मी बेरीज केली, दहा हजारांच्या आतच भरतं.

आता हिशोब. डिझेल गाडी त्याच पेट्रोल गाडीपेक्षा सव्वा-दीड लाखाने महाग पडते. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ धरू. पेट्रोल गाडीने खऱ्या रस्त्यावर १३ दिलं आणि डिझेलने १७, तर किलोमीटरला आठ रुपये आणि साडेपाच रुपये असा खर्च येतो. फरक साधारण अडीच-पावणेतीन रुपयांचा. दीड लाख वसूल व्हायला छप्पन-सत्तावन हजार किलोमीटर पळावं लागेल, म्हणजे तुझी पावणेसहा वर्षं. तोवर गाळणीचं जे होईल ते वेगळंच. वर्षाला वीस-पंचवीस हजार पळणाऱ्याला मी डोळे मिटून डिझेल घे म्हणेन. तुला नाही म्हणत.

ब्रोशरवरचे आकडे तू पाठवलेस. क्रेटा पेट्रोल १७.४, डिझेल २१.८, ग्रँड व्हिटाराची हायब्रिड २७.९७. हे आकडे खोटे नाहीत, पण ते प्रयोगशाळेतले आहेत. चाकं रोलरवर फिरवतात, एसी बंद असतो आणि वेग नव्वदच्या वर जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, एसीशिवाय आई दहा मिनिटं बसू शकत नाही. आणि तू विरूळहून समृद्धी महामार्गावर चढलास की १२० ची मुभा आहे. ताशी ८० वरून १२० ला गेलं की हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो, आणि एसयूव्हीची छाती उंच, रुंद. तिथे कोणतंही इंजिन असो, ॲव्हरेज पडणारच. (त्या काँक्रीटवर जाण्याआधी टायरची हवा आणि टायरचं वय, दोन्ही बघत जा. हे मी दर वेळी सांगणार.) कुणाचं ऐकू नकोस. टाकी फुल कर, ट्रिप मीटर शून्य कर, पुन्हा त्याच पंपावर फुल कर आणि भाग दे. ज्या मित्रांकडे या गाड्या आहेत त्यांनाही असंच करायला लाव.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२०. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय की ई-१० ला जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटतं. नव्या गाड्या ई-२० साठीच बनतात, त्यामुळे रबर-पाइपची काळजी तुला नको. पण कोणी जुनी पेट्रोल एसयूव्ही स्वस्तात देतो म्हणाला तर हे आधी विचार.

हायब्रिड मला मनापासून आवडली. गर्दीत इंजिन बंद ठेवून बॅटरीवर सरकते, बॅटरीची वॉरंटी ८ वर्षांची. पण तुझ्या रनिंगला वर्षाला सत्तावीस-अठ्ठावीस हजार वाचतील आणि आधी मोजायचे त्याच्या कितीतरी पट. शिवाय बॅटरी डिकीत जागा खाते. तुझ्या डिकीत दर हिवाळ्यात संत्र्याचे कॅरेट जातात, तुरीची चुंगडी जाते. ते विसरू नकोस.

टर्बो पेट्रोलची तू फार स्तुती केलीस. चालवायला मजा आहे, खरंय. पण तिचं ॲव्हरेज चालवणाऱ्याच्या पायात असतं, आणि तुझा पाय मला लहानपणापासून माहीत आहे. माझं मन साध्या १.५ च्या चार सिलिंडर पेट्रोलकडे जातं, टर्बो नसलेल्या. त्यात बिघडायला कमी वस्तू आहेत. ११५ पीएस आपल्याला पुष्कळ. त्या रात्रीच्या बोलेरोपेक्षा कितीतरी जास्त, आणि बोलेरोने आम्हाला पोचवलंच. बजेट ताणायचं नसेल तर चार मीटरच्या आतली बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के आहे, त्यावर गेलं की ४०. नेक्सॉन त्यात बसते, पण पेट्रोलची घे. ती टर्बोच आहे, म्हणून पाय आवरता घे आणि ऑइल बदलायची तारीख चुकवू नकोस.

चार चाकांना जोर असलेली गाडी घेऊ नकोस. पावसात आपल्या वावराच्या पांदणीत काळी माती चाकाला अशी चिकटते की तिथे ट्रॅक्टरच लागतो. गाडी डांबरावर ठेवायची आणि पायी जायचं, बाबाही तेच करतात.

शोरूममध्ये रंग आणि सनरूफ दाखवतील. तू विचार, टायमिंग चेन आहे की बेल्ट, बेल्ट असेल तर कितव्या किलोमीटरला बदलायचा. क्लच प्लेट केवढ्याला. वर्धेत सर्व्हिस सेंटर आहे की प्रत्येक वेळी नागपूर. रात्री बंद पडली तर कोण येणार आणि किती वेळात. उत्तरं लिहून घे.

आणि टेस्ट ड्राइव्हला एकटा जाऊ नकोस. रविवारी इकडे आलास की आईला घेऊन जाऊ. तिचा उजवा गुडघा आता जेमतेम नव्वद अंशात वाकतो. मागचं दार उघडून ती स्वतःची स्वतः चढते का, आणि बाबांना मागे आडवं करावं लागलं तर पाय पुरतात का, ते मला बघायचं आहे. बाबा आडवे व्हायला तयार आहेत, मी विचारलंय त्यांना. टेप मी घेऊन येते.

तुझी,
ताई