ओल्या काठाची टिपणे

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उंबराच्या मुळाशी प्रकटली, अशी श्रद्धा आहे. मूळ गंगेच्या दर्शनाला चढून जाणारे तिथे हात जोडतात. मीही जोडतो, आणि दरवेळी वाटते की जुन्या लोकांनी झाड बरोबर हेरले. उंबर हे पाण्याकाठचेच झाड. सह्याद्रीत ओढा कुठून जातो हे लांबून पाहायचे असेल तर उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज यांची हिरवी रांग शोधावी. ही टिपणे त्या रांगेविषयी आणि तिच्या पायाशी असलेल्या चिखलट पट्ट्याविषयी आहेत. शेतातून झिरपत येणारे नायट्रेट नदीत पडण्याआधी हा पट्टा पाण्यातून काढून टाकतो.

*

यूरियाची गोणी आता ४५ किलोची येते. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीमागे वीस किलोंहून थोडे अधिक. जमिनीत पडल्यावर यूरियाचे अमोनियम होते आणि हवेशीर मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियमवर धनभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋणभार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. नायट्रेटवर ऋणभार असल्याने माती त्याला धरत नाही. पिकाने उचलले तेवढे उचलले. उरलेले पावसाबरोबर खाली जाते, मुरमातून वाट काढते आणि कातळ लागला की उताराने ओढ्याकडे सरकते.

एक किलो नत्र निसटले तर त्याचे साडेचार किलोंच्या आसपास नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. हिशेब केला तर हे एक किलो नत्र जवळजवळ एक लाख लिटर शुद्ध पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. दहा हजार लिटरचे दहा टँकर.

*

नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नाही. तुरटीने ते बसत नाही, क्लोरिनने मरत नाही. उकळल्याने तर प्रमाण वाढते, कारण पाणी आटते आणि नायट्रेट मागे राहते. घरात तान्हे मूल असेल आणि वरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवले जात असेल, तर हे वाक्य दोनदा वाचावे.

*

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉमली नावाच्या डॉक्टरांनी १९४५ मध्ये प्रथम दाखवून दिले की तान्ह्या बाळांचे ओठ आणि नखे निळी पडण्यामागे विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट आहे. पोटात त्याचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना धोका सर्वांत मोठा.

*

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ४४० जिल्ह्यांत भूजलातले नायट्रेट मर्यादेबाहेर सापडले. महाराष्ट्रात वर्धा, बुलढाणा, अमरावती यांची स्थिती फार वाईट. मग ही टिपणे त्र्यंबकची का? कारण हे नदीचे डोके आहे. इथले पाणी बेझे गावाजवळून गौतमी धरणात आणि तिथून गंगापूर धरणात जाते. १९६५ मध्ये पुरे झालेल्या या मातीच्या धरणावर नाशिक शहराची तहान भागते. विदर्भात बिघडलेले भूजल सुधारण्याच्या गोष्टी कराव्या लागतात. इथे अजून काठ राखण्याची गोष्ट करता येते.

*

भाद्रपदातली सकाळ, त्र्यंबकच्या खालच्या अंगाला. भाताच्या शेवटच्या खाचराखाली बांध, बांधाखाली पंधरा-वीस पावलांचा उतार, त्यावर लव्हाळा, अळू, एक वाकलेला उंबर, मग ओढा. उताराच्या पायथ्याशी पाणी झिरपत होते आणि त्यावर तांबूस, इंद्रधनुषी तवंग होता. पाहणाऱ्याला पहिल्यांदा डिझेल सांडल्यासारखे वाटेल. काडीने तवंग मोडला, तर पापुद्र्यासारखे कोनेदार तुकडे झाले आणि ते पुन्हा जुळले नाहीत. तेल असते तर लगेच मिळून आले असते. हा लोहाचा पापुद्रा, आणि तो जिवाणूंच्या हाताखालून आलेला.

त्याच काडीने काठ उकरला. वरची दोन बोटे माती तपकिरी, खाली करडी-निळसर, आणि त्या करड्या मातीत जिथे जिथे लव्हाळ्याचे मूळ गेले होते तिथे तिथे गंजाची बारीक नळी. मुळातून थोडी हवा झिरपते, तेवढ्यापुरते लोह गंजते. बाकी माती बिनहवेची.

हा तवंग पाहून मला मनापासून आनंद झाला, त्याचे कारण सांगतो. पाण्याने भरलेल्या मातीतले जिवाणू आधी प्राणवायू संपवतात. तो संपला की नायट्रेट वापरतात. तेही संपले की मँगनीज आणि मग लोहाकडे वळतात. हा क्रम सहसा चुकत नाही. म्हणजे जिथे लोह विरघळून वर येते, तिथपर्यंत पोचलेल्या पाण्यातले नायट्रेट वाटेतच बहुतांश खर्च झालेले असते. प्रयोगशाळेचा कागद हातात नसताना काठ कामावर आहे हे सांगणारी याहून चांगली खूण मला माहीत नाही.

*

या कामाला डीनायट्रिफिकेशन म्हणतात. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या गेयाँ आणि द्युपती यांनी ते जिवाणूंचे काम असल्याचे दाखवले. हे जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वास घेतात आणि शेवटी नायट्रोजन वायू सोडतात. हवेत ७८ टक्के तोच आहे. कारखान्यात प्रचंड दाब आणि उष्णता लावून हवेतून काढलेला नायट्रोजन इथे लव्हाळ्याच्या मुळाशी, कुणी पैसे न देता, परत हवेत जातो.

त्याला तीन गोष्टी लागतात: बिनहवेची ओल, कुजणारा पाला आणि मुळे, आणि वेळ. पाला जिवाणूंचे अन्न. म्हणून काठावर झाडे हवीत. नुसती दलदल अर्धेच काम करते. झाडे स्वतःही नायट्रेट उचलतात, पण ते पानांत साठते आणि पानगळीत काही अंशी परत येते. कायमचा निकाल लावतात ते जिवाणूच.

*

त्या ओढ्याकाठच्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, “बाबा, एवढी पट्टी मोकळी कशी सोडलीत?”

“सोडली कुठं! तिथं नांगर रुतायचा. बैल बसायचं. वडलांनी कधी धरलीच न्हाई ती जागा.”

आता बैलाच्या जागी जेसीबी येतो आणि त्याला रुतण्याचे भय नाही.

*

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये ऱ्होड नदीच्या काठावर पीटरजॉन आणि कॉरेल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात आजही आधी काढला जातो. मक्याच्या शेतातून निघालेले पाणी काठच्या झाडीतून ओढ्यात जाईपर्यंत त्यातले बहुतेक नायट्रेट नाहीसे झाले होते. त्याच वर्षी जॉर्जियातल्या अभ्यासानेही असेच दाखवले. दोन्हीकडे एक गोष्ट समान होती: खाली पाणी न शोषणारा थर आणि त्यामुळे उथळ वाहणारे भूजल. मुळांच्या थरातून जाण्यावाचून पाण्याला गत्यंतर नव्हते.

आपला काळा कातळ अनेक ठिकाणी हेच करतो. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली घट्ट बेसाल्ट. पाणी मुरमातून आडवे चालते आणि काठाच्या मुळांना भेटूनच ओढ्यात उतरते. भेगांतून खोल गेलेले पाणी मात्र या पट्ट्याला चुकवते. त्याच्यापुढे काठाचा इलाज नाही.

*

भाताचे खाचर स्वतःच एक ओला पट्टा आहे. उभ्या पाण्यावर यूरिया फेकला की बराचसा वायू होऊन उडतो, हे शेतकरी अनुभवाने सांगतात. म्हणून डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीबद्दल मला फार आदर आहे. त्यात यूरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची असते. खालच्या बिनहवेच्या चिखलात अमोनियमचे नायट्रेट होत नाही, ते मातीला धरून राहते आणि पिकाला मिळत राहते. काठावर नंतर काढायचे नायट्रेट मुळात जन्मूच द्यायचे नाही, हा उपाय केव्हाही वरचढ. खर्चही कमी.

टोमॅटोच्या सरीत किंवा द्राक्षबागेत हे चिखलाचे कवच नाही. माती मोकळी, हवेशीर, ठिबकमधून खत सुरू. तिथे काठाची गरज जास्त.

*

पहिला पाऊस सर्वांत अवघड. उन्हाने भाजलेली माती भिजली की जिवाणूंची एकदम धांदल उडते आणि साठलेले नत्र सुटते. पूर्व आफ्रिकेत काम केलेल्या बर्च यांनी १९५८ मध्ये हे नीट मांडले. मृगाच्या सरींनंतरचा ओढा म्हणूनच नायट्रेट घेऊन येतो. आषाढातल्या मुसळधारेत पाणी जमिनीवरूनच धावते आणि काठाला वेळच देत नाही. काठाचे खरे दिवस भाद्रपद ते कार्तिक, पाऊस ओसरतो आणि डोंगर हळूहळू पाझरतो तेव्हा. वर्षभराचे काम हा पट्टा करतो असे कुणी सांगितले तर मानू नये. पण पावसाळ्यानंतर धरणाकडे जाणारा संथ पाझर त्याच्याच हातातून जातो.

*

काठ निकामी करण्याच्या तीन रीती पाहतो आहे.

पहिली, पाईप. शेतातले पाणी पाईपने थेट ओढ्यात सोडले की काठावरची झाडे नुसती सावलीपुरती उरतात. शिरोळ-मिरजेकडे क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी सच्छिद्र पाईपचे जाळे घातले गेले, आणि त्या जमिनींना ते हवेच होते. आयोवात हाच प्रश्न आला तेव्हा त्यांनी पाईपचे तोंड ओढ्याऐवजी काठाच्या पट्ट्यात आडवे पसरवले, म्हणजे पाणी तिथे मुरून मग ओढ्यात जाते. आपल्या अभियंत्यांनी हे जरूर करून पाहावे.

दुसरी, खोलीकरण. जलयुक्त शिवारच्या काळात गावोगाव नाले खोल झाले. पाणी दिसले, लोक सुखावले, आणि टंचाईच्या गावात तो दिलासा खरा होता. पण पात्र खोल गेले की शेजारच्या काठातली पाण्याची पातळी उतरते. काठ वाळतो, मातीत हवा शिरते, आणि नायट्रेट खाणाऱ्या जिवाणूंच्या जागी ते बनवणारे जिवाणू जोर धरतात. अमेरिकेत बाल्टिमोर शहराच्या खोल कापलेल्या ओढ्यांकाठी नेमके हेच आढळले. लांबी, रुंदी, खोलीची मापे लिहिणाऱ्या आराखड्यात काठाच्या ओलीचाही एक रकाना हवा.

तिसरी, काँक्रीट. त्र्यंबक गावात गोदावरी काही अंतर स्लॅबखालून वाहते. अहिल्या नदीही तिला इथेच येऊन मिळते. हे काँक्रीट काढावे म्हणून प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापर्यंत गेले. चर्चा बहुतेक सांडपाण्याची आणि पुराची झाली, ती योग्यच. पण ज्या नदीला काठची माती शिवतच नाही, तिला स्वतःला निर्मळ करण्याचे साधनच उरत नाही, हेही तितक्याच मोठ्याने सांगायला हवे.

*

माणसाच्या शरीरातून रोज दहा-बारा ग्रॅम नत्र बाहेर पडते. संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या फेरीला इथे लाखांनी माणसे येतात. एक लाख माणसे एक दिवस राहिली तर हजार किलोंच्या वर नत्र मागे राहते, जवळपास पन्नास गोण्या यूरियाइतके. हा भार काठावर टाकणे अन्यायाचे आहे. त्यासाठी मलजल प्रक्रिया केंद्रच हवे, आणि त्यात बिनहवेची टाकीही हवी. नुसती हवा फुंकणारे केंद्र अमोनियाचे नायट्रेट करून नदीत सोडते. पाणी स्वच्छ दिसते आणि नत्र तसेच राहते.

*

एक उणी बाजूही लिहून ठेवतो. काठावरचे डीनायट्रिफिकेशन अर्धवट झाले तर नायट्रोजनऐवजी नायट्रस ऑक्साइड निघतो. तो तापमानवाढीचा वायू आहे, वजनास वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून तीव्र. नायट्रेटचा भार जितका जास्त, तितका हा धोका जास्त. म्हणून शेतात खत मोजून टाकणे पहिले, काठ दुसरा. स्फुरदाच्या बाबतीतही काठ एवढा भरवशाचा नाही.

*

सातबाऱ्यावर ओढ्या-नाल्याची जागा पोटखराबा म्हणून लागते. तिच्यावर आकारणी नाही. डोंगर उतारावर बंगले आणि रिसॉर्ट वाढू लागले तशी तीच जागा आधी भरावाखाली जाते, कारण तिथून हिरवळ आणि पाणी दोन्ही दिसते. माझ्या मते त्र्यंबक तालुक्यातला सर्वांत मौल्यवान पट्टा हाच आहे, आणि तो दप्तरी बिनकामाचा म्हणून नोंदलेला आहे.

*

२०२७ च्या सिंहस्थाला कोट्यवधी लोक येतील. त्यांच्या स्नानासाठी घाट लागतील, ते बांधावेत. पण घाटाला लागते तेवढीच लांबी दगडाची असावी. वरच्या ओहोळांचे काठ, अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे झरे, बेझ्याकडे जाणारे पात्र यांना सुशोभीकरणाच्या यादीत घालू नये.

*

ज्यांचे शेत ओढ्याला लागून आहे, त्यांना विनंती. बांधाखालची दहा-पंधरा पावले नांगरू नका, तिथे खत आणि तणनाशक टाकू नका, उकिरडा आणि शोषखड्डा त्या पट्ट्यापासून लांब ठेवा. उंबर, करंज, जांभूळ तोडू नका. विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. काठ उघडा पडला असेल तर जूनमध्ये वाळुंजाच्या हातभर फांद्या ओल्या मातीत खोचा. त्यांना रोपवाटिका लागत नाही, फांदीला मुळे फुटतात.