मॅक्सच्या नावावर

2020 साली कुणी विचारलं, की काय हो, तुमचं ते विमानाचं काम बंद का पडलं, तर माझं उत्तर ठरलेलं असे: "मॅक्स बंद झालं ना." ऐकणाऱ्याला लगेच पटायचं. 2019 च्या मार्चमध्ये बोइंगची 737 मॅक्स जगभर जमिनीवर आली होती, 2020 च्या जानेवारीत तिचं उत्पादनच थांबलं आणि मागोमाग कोरोना आला. एवढ्या पडझडीत बालानगरच्या एका शेडमधलं मशीन थांबलं तर नवल काय? बँकेच्या मॅनेजरनं हे मान्य केलं, काचीगुड्याच्या मेव्हण्यानं केलं, बायकोनंही केलं. अडचण एवढीच, की माझं काम 2019 च्या ऑगस्टमध्येच गेलं होतं आणि ते मॅक्सचं नव्हतंच.

वडील उदगीरचे. त्यांच्या पिढीला हैदराबाद परकं नव्हतं; 1956 पर्यंत आमची राजधानीच ती. हैदराबादच्या बालानगरला 1965 मध्ये एचएएल आलं, 1968 मध्ये टूल डिझाइनची केंद्रीय संस्था, जिला सगळे सीआयटीडी म्हणतात. त्यांच्या आजूबाजूला लेथ आणि मिलिंगची शेकडो शेडं उभी राहिली, त्यातलं एक वडिलांचं. जिग, फिक्स्चर, गेज. वडिलांनी कर्ज काढलं नाही आणि कुणाला कामावरून काढलंही नाही. मी दोन्ही केलं.

1 मार्च 2018 ला आदिबट्ल्याला टाटा-बोइंगच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. अपाचे हेलिकॉप्टरचं धड तिथं जुळवलं जाणार होतं. त्याच आवारात टाटांची आधीपासूनच सिकोर्स्की हेलिकॉप्टरच्या केबिनची आणि लॉकहीडच्या सी-130 विमानाच्या शेपटीची कामं चालू होती. पुढच्या रविवारी मी गाडी काढून तिकडं गेलो. आत कोण सोडणार! रस्त्याच्या कडेला उभं राहून लांबूनच शेडं बघितली आणि मनात हिशोब केला: धड इथं होतंय, तर त्याचे ब्रॅकेट लांबून कशाला आणतील? बालानगर शहराच्या या टोकाला, आदिबट्ला त्या टोकाला. तासा-दीड तासाचा रस्ता.

हा हिशोब भाजीबाजाराचा होता. विमानाच्या भागात अंतराला फारसा भाव नसतो. किलोभर वजनाचा, हजारोंच्या किमतीचा भाग बेळगावजवळच्या हत्तरगीहून निघून फ्रान्सला जातो, त्याला भाडं कितीसं पडणार? भाव असतो तो कागदाला. धातू कुठल्या भट्टीतला, कुठल्या हीटचा म्हणजे ओताचा, कुणी कापला, कुठल्या मशीनवर लावला, कुणी मोजला. उद्या आकाशात काही झालं, तर त्याच हीटचे बाकीचे भाग कुठल्या कुठल्या विमानात बसलेत ते शोधता यायला हवं. एएस 9100 नावाचं जे सर्टिफिकेट मागतात, त्याचा बराचसा जीव यातच आहे. मला वाटायचं, सर्टिफिकेट म्हणजे भिंतीवर लावायची फ्रेम. सल्लागार गाठला, फाइली करून घेतल्या, फ्रेम लावली. वडिलांचं शेड तारण ठेवून फाइव्ह अ‍ॅक्सिस मशीन आणलं.

वर्षभरानं, शहरातल्याच एका मधल्या कंपनीकडून, पहिली खरी ऑर्डर आली. 7075 अ‍ॅल्युमिनियमचे 64 ब्रॅकेट. मशीनवर देगलूरकडचा एक मुलगा होता, नांदेडला आयटीआय केलेला. हात हलका, बोलणं कमी. तेलुगू, मराठी, दखनी तिन्ही सारख्याच सफाईनं बोलायचा, तेही विचारलं तरच.

बार विकत येतो तेव्हा त्याच्या एका टोकाला रंग असतो आणि हीट नंबर ठोकलेला असतो. कापायचं नेहमी दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर नंबर राहतो. शाळकरी पोराला कळेल इतकी सोपी गोष्ट. ट्रायलसाठी आणलेला पहिला बार मी स्वतः बॅण्डसॉवर घेतला होता. रंगाचं टोक करवतीकडं होतं. बार तीन मीटरचा, फिरवायला दोन माणसं लागतात. लेथवरचे आमचे जुने कारागीर, उस्ताद, नमाजाला गेले होते. मी तसाच कापला. सव्वा मीटरचा तुकडा उरला, बिननंबरचा, तो रॅकवर ठेवला.

ऑर्डरच्या वेळी नवा बार संपला आणि पीस कमी पडले. मुलगा रॅकवरचा तुकडा दोन्ही टोकांनी फिरवून बघत उभा होता.

"काका, यावर नंबर नाही."

"तोच माल आहे रे. मीच आणलाय. लाव."

"नवा बार मागवू का? परवापर्यंत येईल."

"परवा गाडी जायचीय. लाव म्हणतो ना."

उस्ताद बाजूच्या लेथवरून म्हणाले, "सेठ, पोट्टा गलत नहीं बोल रा." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मालाबरोबर फिरणाऱ्या रूट कार्डावर नव्या बारचा नंबर माझ्या हातानं लिहिला. मुलगा काही क्षण मशीनच्या दाराशी थांबला, मग बार लावला. संध्याकाळी तयार पीस दोन क्रेटमध्ये होते, एक मोठा, एक छोटा. पॅकिंगला सोपं जावं म्हणून छोट्यातले मी मोठ्यात रचले.

माप एकूण एक बरोबर होतं. सीएमएम या मापाच्या यंत्रावर 64 च्या 64 पास. पकडलं ते गणितानं. त्या कंपनीच्या क्वालिटीवाल्या बाईंनी कॅल्क्युलेटर घेतला आणि शांतपणे विचारलं, तीन मीटरच्या बारमधून, 60 मिलिमीटरचा तुकडा आणि करवतीचे 3 मिलिमीटर धरले, तर 47 निघतात. तुमचे 64 कसे? मी म्हटलं, मॅडम, तोच ग्रेड आहे. त्या म्हणाल्या, असेलही. 7075 आणि 6061 समोर ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात, 7075 ची ताकद मात्र जवळजवळ दुप्पट. बरं, तुमचे ते 17 कुठले, ते दाखवा. ते मला दाखवता येईनात. म्हणून सगळे 64 गेले.

असा माल भंगारात नुसता टाकून चालत नाही. कुणी उचलून पुन्हा विकू नये म्हणून प्रत्येक पीस कापून निकामी करायचा आणि फोटो पाठवायचा. मुलगा बॅण्डसॉवर बसला. मध्येच म्हणाला, "काका, एक सांगू का?" मी म्हटलं, "आता काही सांगू नको, काप." तासाभरात 64 चे 128 झाले.

मग फॉर्म आला. मूळ कारण काय, ते पाच वेळा 'का?' विचारून शोधा. पाचही रकाने मी भरले आणि पाचही वाटांनी ऑपरेटरपाशी पोचलो. सुधारणेच्या रकान्यात लिहिलं: ऑपरेटरला कामावरून कमी केले. ते खरं दिसावं म्हणून त्याच दिवशी त्याला कमी केलंही. सगळ्यांच्या देखत म्हटलं, बार यानंच लावला. शब्दशः ते खोटं नव्हतं. उस्तादांनी लेथ बंद केला आणि हात धुवायला गेले.

फॉर्म परत आला, त्यावर एकच प्रश्न होता: रूट कार्डावरचं अक्षर कुणाचं? त्याला मी उत्तर दिलं नाही. पुढची ऑर्डर आली नाही. चार महिने बँकेला 'लांबलीय' म्हणत राहिलो आणि जानेवारीत मॅक्सचं उत्पादन थांबल्याची बातमी आली. माणसाला एवढा दिलासा दुसऱ्याच्या संकटातून मिळू नये. मॅक्सच्या दोन अपघातांत 346 माणसं गेली होती आणि मी त्यांच्या आड उभा राहिलो.

मशीन 2021 मध्ये पडेल भावात विकलं. त्याच जुलैमध्ये आदिबट्ल्याहून शंभरावं अपाचे धड बाहेर पडलं. 2025 च्या जानेवारीत तीनशेवं. त्या वेळी कंपनीनं सांगितलं, की यातले 90 टक्क्यांहून जास्त भाग भारतातच बनतात, शंभराहून जास्त लहान पुरवठादारांकडून. शहरातल्याच आझाद इंजिनिअरिंगचे शेअर 2023 च्या डिसेंबरमध्ये बाजारात आले. म्हणजे काम होतं, याच शहरात होतं. जून 2025 मध्ये राफेलचं धड इथं बनवायचं ठरलं, नोव्हेंबरमध्ये शमशाबादला साफ्रानच्या लीप इंजिनांच्या दुरुस्ती केंद्राचं उद्घाटन झालं; हजारावर तंत्रज्ञांना तिथं काम मिळेल म्हणतात. अशी बातमी आली की उदगीरचा पुतण्या पाठवतो: काका, आता तुमचं जोरात ना? मी अंगठा पाठवतो. आम्ही सध्या औषधाच्या गोळ्यांच्या मशीनचे सुटे भाग करतो, आणि ते बरं चाललंय.

मधल्या काळात मी एक तक्रार पाठ केली होती, की मोठ्या कारखान्यांनी आमची तयार पोरं नेली. चहाच्या टपरीवर या तक्रारीला भरपूर माना डोलतात. नेली असतीलही काहींची. माझ्याकडच्या सगळ्यात तयार पोराला मात्र कुणी नेलं नव्हतं.

तो आता कुठं आहे, ते उस्तादांना ठाऊक होतं. आदिबट्ल्याकडच्याच एका कारखान्यात, तपासणी विभागात. त्याचे अकरा दिवसांचे पैसे माझ्याकडे राहिले होते. 2023 च्या दिवाळीत ते फोनपेवर पाठवले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: बार मी लावायला सांगितला होता. नंबरही मीच लिहिला होता. हे तेव्हा बोलायला हवं होतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं.

"मिळाले काका. ते 17 छोट्या क्रेटमध्ये वेगळे ठेवले होते."