शून्य गुणांच्या आत

403 मधून 178 वजा करा. तिसरी-चौथीच्या चाचणीत असले उदाहरण हमखास असते आणि त्याची चुकीची उत्तरेही ठरावीकच येतात. एक मूल 375 लिहिते. त्याने प्रत्येक घरातल्या मोठ्या अंकातून लहान अंक काढला. वरचा कोणता, खालचा कोणता, हे पाहिलेच नाही. दुसरे 235 लिहिते. त्याला शतक मोडून दशक करता येतात, पण त्यातला एक दशक एककाला देऊन टाकला आहे, हे ते विसरते. तिसरे 275 लिहिते. ते दशकाचे शून्य ओलांडून शतकाकडून थेट एककाला उसने आणते आणि पुढे शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य काढते. चौथे 581 लिहिते. त्याने सरळ बेरीज केली. चौघांनाही गुण शून्य. दुसऱ्या मुलाचे काम अर्ध्या तासात होण्यासारखे आहे. पहिल्याला मात्र दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन स्थानिक किंमतीपासून सुरुवात करावी लागेल. चौथ्याला बहुधा वजाबाकी येतही असेल, त्याने चिन्हच पाहिले नसेल. गुणपत्रकात हे चौघे एका ओळीत बसतात आणि त्या ओळीला आपण ‘कच्ची मुले’ म्हणतो.

वेगवेगळ्या क्षमतेच्या मुलांसाठी अभ्यासक्रम कसा आखावा, हा प्रश्न प्रशिक्षणात नेहमी निघतो. माझे म्हणणे असे की आपण ज्याला क्षमतेतला फरक समजतो, त्यातला पुष्कळसा फरक हजेरीचा, भाषेचा आणि मधल्या एखाद्या निसटलेल्या पायरीचा असतो. तो कशाचा आहे हे सांगू शकणारे मूल्यमापन हाताशी नसेल, तर अभ्यासक्रम सोपा करा की अवघड, नेम चुकणारच. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हे जितके उघड दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर कारखान्यांची रांग लागली. त्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या आगेमागे उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर संपते. म्हणजे पालावर राहिलेल्या मुलाचे जवळजवळ पूर्ण दुसरे सत्र बुडते. परत आल्यावर त्याची परीक्षा होते ती बुडालेल्या सत्राचीच, आणि निकाल लागतो त्याच्या बुद्धीचा. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर मुलांचे असेच होते, फक्त तिथे आड येते ती पाठ्यपुस्तकाची मराठी. घरी बोलली जाणारी बोली आणि पुस्तकातली वाक्ये यांतले अंतर पहिलीतच न ओलांडल्यामुळे गणितातला शाब्दिक प्रश्नही चुकतो, आणि शेरा पडतो गणित कच्चे असल्याचा.

हे मान्य केले की अभ्यासक्रमाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. त्यातले काही घटक एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. वाचन, स्थानिक किंमत, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक ही ती साखळी. एक कडी निसटली की पुढची धरता येत नाही. बाकीचे घटक तसे नसतात. परिसर अभ्यासातला जलचक्राचा पाठ डिसेंबरात हुकला म्हणून मार्चमधला आहाराचा पाठ कळायचा थांबत नाही. वार्षिक नियोजनात मात्र दोघांनाही सारख्याच तासिका मिळतात आणि क्रम पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचा लागतो. ज्या गावातली निम्मी मुले दिवाळीनंतर दिसणार नाहीत, तिथे साखळीतले घटक जून ते ऑक्टोबर या काळात आणावेत आणि सुटे घटक मागे ढकलावेत. यावर हरकत येते की पुस्तक सगळ्या राज्याला एक आहे, चाचण्यांच्या तारखाही वरून येतात. हरकत खरी आहे. पण अध्ययन निष्पत्ती इयत्तानिहाय ठरवलेल्या आहेत. मुलाने त्या इयत्तेच्या अखेरीस साधायच्या असतात. कुठला धडा कुठल्या महिन्यात, हा शिक्षकाच्या हातातला निर्णय आहे आणि तो त्याने घ्यावा. मधली एखादी चाचणी त्या क्रमाला अडचणीची ठरली, तर त्या चाचणीतले गुण कमी येतील. मुलाची साखळी तुटण्यापेक्षा ते परवडले.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. मुलांचे स्तर पाडले की त्यांच्यावर शिक्का बसतो, खालच्या गटातले मूल वर्षानुवर्षे खालीच राहते. शंभर टक्के वेगळी तुकडी केली तर हे घडतेच; ‘अ’ आणि ‘ड’ तुकड्यांचा इतिहास आपल्या माध्यमिक शाळांनी पाहिला आहे. म्हणून गट मुलांचे करू नयेत, त्या त्या कौशल्याचे करावेत, तेही तात्पुरते. वजाबाकीत दशक मोडायला अडलेली मुले पंधरा दिवस एकत्र बसतील, मग तो गट मोडेल. त्यातलेच एखादे मूल वाचनात सगळ्यांच्या पुढे असेल. या पद्धतीला पुरावा आहे, आणि त्यातला काही मराठी मुलखातला आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास वस्तीतल्याच एका तरुणीकडे, ‘बालसखी’कडे, त्यांच्या पातळीवरचे शिकायला दिले. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची रीतसर चाचणी घेतली, 2007 साली निष्कर्ष छापले. सगळ्यांत मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला होता. ती मुले त्याच वस्तीतली, त्याच शाळेतली होती. बदलले होते ते इतकेच की त्यांना जिथपर्यंत येत होते, तिथून पुढे शिकवले गेले.

आता मूल्यमापनाकडे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. पहिली-दुसरीला आकारिक (सत्रभर चालणारे) 70 गुण आणि संकलित (सत्राअखेरचे) 30, सातवी-आठवीपर्यंत येता येता ते 40 आणि 60. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने. कल्पना उत्तम होती, आजही आहे. दोन शिक्षकी शाळेत मात्र, जिथे एकच गुरुजी दोन इयत्ता एका खोलीत सांभाळतात, तिथे ती नोंदवह्यांत बुडाली. प्रत्येक मुलाची प्रत्येक साधनाची नोंद ठेवायची म्हटल्यावर सत्राच्या शेवटी ‘वर्गकार्यात सहभागी होतो’ असली वाक्ये भरली जातात, आणि 403 वजा 178 चे काय झाले, हे कुठेच लिहिले जात नाही. वेळ नाही, ही शिक्षकांची तक्रार मला पूर्ण पटते. म्हणूनच मी नोंदी कमी करा म्हणतो आणि प्रश्न चांगले करा म्हणतो. पाच नीट रचलेल्या उदाहरणांनी जे कळते, ते तीस ओळींच्या वर्णनाने कळत नाही. रचायचे कसे, तर एका प्रश्नात एकच कौशल्य तपासावे. चुकीच्या प्रत्येक उत्तरामागचे कारण ओळखता यावे म्हणून अंक मुद्दाम निवडावेत (402 वजा 101 घेतले तर वरच्यांपैकी पहिले तिघेही बरोबर उत्तर देतील). आणि तेच कौशल्य एकदा नुसत्या अंकांत, एकदा शब्दांत विचारावे. अंकांत बरोबर आणि शब्दांत चूक आले, तर काम मराठीच्या तासाला करायचे आहे.

शब्दांतल्या प्रश्नात मुलाच्या ओळखीचे जग असावे. पालावरून आलेल्या मुलीला मोळी, खेप आणि उचल ठाऊक असते. गाडीत 240 मोळ्या भरायच्या, 168 भरून झाल्या, किती राहिल्या, ही वजाबाकी ती चटकन पकडते. यावर काहीजण म्हणतात की ही तर पातळी खाली आणणे झाले. पातळी कशी खाली आली? क्रिया तीच, अंक तेच, उत्तराचा काटेकोरपणाही तोच. मुलाला प्रश्नापर्यंत पोचायची वाट तेवढी मोकळी केली. हे तत्त्व दहावीच्या मंडळानेही केव्हाच मान्य केले आहे. दिव्यांग आणि अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना तिथे लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर असे 21 प्रकार मानले आणि सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकार दिला. दृष्टिहीन मुलीने भूमितीतली आकृती पाहून उत्तर द्यावे असा आग्रह कोणी धरत नाही. उठावाची आकृती बोटांनी तपासून कोन सांगितला, तरी तिला कोन समजला हे सिद्ध होते. बोली वेगळी असलेल्या किंवा सहा महिने गावाबाहेर राहिलेल्या मुलाबाबत तोच न्याय लावायला आपण का कचरतो, हे मला समजत नाही.

सगळ्यांत मोठा आक्षेप अर्थात नापासाचा. कोणालाच नापास करायचे नाही म्हटल्यापासून मुलांना आणि पालकांना धाक उरला नाही, असे गावोगाव ऐकू येते. शिक्षण हक्क कायदा 2019 साली बदलला आणि 2023 मध्ये राज्याने पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्ण मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची. न शिकता पुढे ढकलण्याला माझाही विरोध आहे. पण आपला निकाल लागतो महाराष्ट्र दिनाच्या सुमारास आणि शाळा भरते जूनच्या मध्याला. हे दोन महिने म्हणजे बव्हंशी उन्हाळ्याची सुट्टी, त्यात मार्गदर्शन कधी व्हायचे? धाकाने 235 चे 225 होत नाहीत. याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीच्या शाळेने नापास मुलांना प्रवेशात प्राधान्य देण्याचे धोरण ठेवले. इतर शाळा जे गुणपत्रक पाहून दार लावतात, तेच तिथे प्रवेशाचे कारण ठरले. नापासाचा शिक्का मुलाबद्दल किती थोडे सांगतो, हे त्या गावाने ओळखले होते.

स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यायची पद्धत आपल्याकडे आहे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला लगेच बसता यावे. त्या पत्रकावर इयत्ता आणि हजेरी यांच्या जोडीला तीन ओळींची जागा असावी: मूल कुठपर्यंत वाचते, गणिताच्या साखळीत कोणत्या कडीवर आहे, आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्याला काय द्यावे. पाथर्डीच्या शिक्षिकेने या ओळी लिहिल्या, तर प्रवरेकाठच्या शिक्षकाला मुलाची नव्याने परीक्षा घेत आठवडा घालवावा लागणार नाही, आणि मार्चमध्ये तेच पत्रक तिथल्या नोंदीसह परत आले, तर पाथर्डीलाही एप्रिलची संकलित चाचणी त्या मुलापुरती वेगळी काढता येईल.