अक्षराची कड

घराच्या दारावर लावलेल्या पाटीकडे घरांतील माणसें सहसा पाहत नाहींत. ती पाहुण्यांसाठीं, पत्र आणणाऱ्यासाठीं आणि वर्गणी मागावयास येणाऱ्यांसाठीं असते. आपलें नांव आपल्याला ठाऊकच असतें. मग तें वाचावयाचें कशाला? परंतु तीच पाटी नवी करावयाची वेळ आली, म्हणजे घरांतील प्रत्येकाला तिच्याविषयीं कांहींतरी सांगावयाचें आहे, असें आढळून येतें. लांकूड कोणतें, अक्षर उठावाचें कीं खोदलेलें, नांवें कोणाचीं आणि कोणत्या क्रमानें, या प्रश्नांवर गेल्या वर्षीं आमच्या घरीं पंधरा दिवस जी चर्चा झाली, तिच्यापुढें लग्नाची यादी करणें सोपें वाटावें.

ती पाटी माझ्या पुतण्यानें आपल्या कारखान्यांत, संगणकाच्या आज्ञेनें चालणाऱ्या यंत्रावर कोरली. त्याच्या धंद्यांत या यंत्राला सी. एन. सी. राउटर म्हणतात. त्या निमित्तानें चार-सहा रविवार मी त्याच्याजवळ बसून हें काम पाहिलें. यंत्रानें कोरलेलें अक्षर केव्हां स्वच्छ उतरतें आणि केव्हां उतरत नाहीं, हें त्यामुळें मला थोडेंबहुत समजलें. आणि अखेरीस या समजुतीचा उपयोग यंत्रशाळेपेक्षां घरांतच अधिक झाला.

पुष्कळांची अशी कल्पना असते कीं, यंत्राला अक्षर द्यावें, कळ दाबावी, आणि काम आपोआप निर्दोष व्हावें. वास्तविक अंकांच्या आज्ञेनें यंत्र चालविण्याची ही विद्या विमानांचे धातूचे भाग घडवितांना जन्मास आली. अमेरिकेंतील जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवर तेथील हवाई दलाच्या साह्यानें १९४९ सालीं काम सुरू झालें, आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९५२ सालीं अशा यंत्राचें प्रात्यक्षिक झालें. धातूचा ठोकळा बहुधा सर्वत्र सारखा असतो. लांकूड तसें नसतें. त्याला तंतु असतात, गांठी असतात, एका अंगानें तें कापूं देतें आणि दुसऱ्या अंगानें फाटतें. हातानें कोरणाऱ्याची पटाशी उलट्या तंतूवर गेली, कीं त्याच्या मनगटाला तें तत्क्षणीं कळतें आणि हात आपोआप दिशा बदलतो. यंत्राला मनगट नाहीं. पुतण्या म्हणाला, "काका, हें यंत्र आज्ञाधारक आहे, पण आंधळं आहे. सगळं बघायचं तें आपण आधींच बघून ठेवायचं."

खोदलेल्या अक्षरासाठीं जें पातें वापरतात, त्याचें टोंक इंग्रजी व्ही अक्षरासारखें निमुळतें असतें. तें जितकें खोल जाईल, तितकी रेघ रुंद होते. वर उचललें, कीं रेघ बारीक होते. बोरूनें लिहितांना वळणाबरोबर रेघ जाड-बारीक होते. येथें तेंच काम खोलीनें साधतें. गोल बुडाच्या किंवा सपाट पात्याला आंतला कोपरा कधींच टोंकदार काढतां येत नाहीं, कारण फिरणारी वस्तु आपल्या जाडीइतकी गोलाई मागें ठेवतेच. निमुळतें पातें मात्र कोपऱ्याशीं येतांना हळूहळू वर चढतें आणि टोंक सुरेख मिटवितें. रेघेचा टोंकाशीं येणारा तो निमुळतेपणा पाहिला, म्हणजे यंत्रालाही क्षणभर हात फुटला आहे असें वाटतें.

यांत हिशेब साधा आहे. पात्याचा कोन ९० अंशांचा असेल, तर दोन मिलिमीटर रुंदीच्या रेघेसाठीं तें एक मिलिमीटर खोल जातें. ६० अंशांचा असेल, तर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. खोली अधिक म्हणजे सावली अधिक, आणि खोदलेलें अक्षर आपण वाचतों तें बहुतांशीं सावलीनेंच. पण याच हिशेबाची दुसरी बाजू अशी कीं, फळी कोठें अर्धा मिलिमीटर जरी वर-खालीं असली, तरी ९० अंशांच्या पात्यानें रेघेची रुंदी तेथें पूर्ण एक मिलिमीटरनें बदलते. ६० अंशांच्या पात्यानें ती चूक निम्म्याच्या जवळपास येते. बारीक अक्षरांत रेघच मुळीं एक मिलिमीटरची; म्हणजे फळीच्या एका टोंकाला ती दुप्पट जाड, तर दुसऱ्या टोंकाला नाहींशी! म्हणून पुतण्यानें पहिला पूर्ण रविवार एकही अक्षर न कोरतां घालविला. आधीं यंत्राचा खालचा पाट त्याच यंत्रानें तासून सपाट केला, मग आमची फळी त्यावर आवळून तिची वरची बाजू तासली. स्वयंपाकापूर्वीं ओटा पुसावा तसें तें काम होतें; जेवणाऱ्याला तें दिसत नाहीं, पण त्यावांचून पुढचें सगळें व्यर्थ.

दुसरी गोष्ट वेगाची. बारीक काम म्हणजे हळू काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत. येथें ती अर्धीच खरी ठरते. दोन धारांचें पातें मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल आणि मिनिटाला १,८०० मिलिमीटर पुढें सरकत असेल, तर प्रत्येक धार एका वेळीं ०.०५ मिलिमीटर लांकूड काढते. तेंच सरकणें मिनिटाला ३६० मिलिमीटरवर आणलें, तर धारेच्या वांट्याला केवळ ०.०१ मिलिमीटर येतें. मग धार कापत नाहीं, नुसती घासते. लांकूड तापतें, काळें पडतें आणि धारही लवकर मरते. भीतीपोटीं मंदावलेलें काम स्वच्छ होत नाहीं. उलट फार घाई केली, तर तंतु कापले न जातां उपटले जातात आणि कडेचा टवका उडतो. बेताच्या वेगानें बहुतेक लांकूड काढून घ्यावयाचें आणि शेवटीं केसभर खोलीचा एक हलका फेरा पुन्हां द्यावयाचा, ही पुतण्याची रीत मला फार पटली.

लांकडाविषयीं घरांत सागवानाचा आग्रह होता. सागवान पाण्या-पावसाला टिकतें, हें खरें. पण त्याच्या अंगांत वाळूच्या जातीचा कठीण अंश असतो आणि तो पात्याची धार लवकर खातो. त्यामुळें अर्धी पाटी झाल्यावर त्यानें नवें पातें लावलें. ओलसर लांकडावर कडेला लव राहते, म्हणून फळी वाळलेली हवी. कोरण्यापूर्वीं स्पिरिटांत विरघळविलेल्या चपड्याचा एक पातळ हात तिला दिला, कीं वरचे तंतु घट्ट धरले जातात, आणि पुढें अक्षरांत रंग भरतांना तो आजूबाजूच्या तंतूंत पसरत नाहीं.

आपल्या देवनागरीच्या अडचणी आणखी निराळ्या आहेत. संगणकांतील प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावर शिरोरेखेचा आपला तुकडा घेऊन येतें आणि शेजारच्या अक्षराच्या तुकड्यावर तो किंचित् चढतो. पडद्यावर काळ्यावर काळें पडल्यानें डोळ्यांस कांहींच कळत नाहीं. यंत्र मात्र प्रत्येक अक्षराची सीमा निराळी मानतें आणि जोडाजोडाशीं शिरोरेखेंत उंचवटे ठेवून जातें. म्हणून कोरण्यापूर्वीं सगळ्या शब्दाची बाह्यरेषा सांधून एकच करावी लागते. दुसरी अडचण उभ्या दंडांची. आडव्या फळींत तंतु आडवे धांवतात. शिरोरेखा त्यांच्या बरोबरीनें जाते, पण दंड आणि काना त्यांना आडवे छेदतात. 'शा' किंवा 'णा' यांमध्यें दोन दंड शेजारीं उभे राहिले, कीं त्यांच्यामधील लांकडाची चिंचोळी भिंत आंखूड तंतूंची बनते. वरून शिरोरेखेनें तिला तोडलेलेंच असतें. अक्षर लहान केलें, कीं ती भिंत ढासळते. अनुस्वार आणि शिरोरेखा यांच्यामधील पट्टीचीही तीच गत. यंत्र कितीही उत्तम असलें, तरी एका मर्यादेखालीं अक्षर नेतां येत नाहीं. ती मर्यादा लांकूड ठरवितें.

आणि येथेंच आमचें घर अडलें. दाराशेजारची जागा मोजकी. जुन्या पाटीवर एकट्या दादांचें नांव होतें. नव्या पाटीवर दादा, वहिनी, मी, माझी पत्नी, पुतण्या आणि सूनबाई अशीं सहा नांवें, प्रत्येकाच्या मागें श्री., सौ. किंवा डॉ. आणि पुढें पदव्या, असा मसुदा तयार झाला. प्रत्येक नांवाला एक पूर्ण ओळ लागली. सहा ओळी जेमतेम बसल्या. तेव्हां वहिनी म्हणाल्या, "आणि अक्का?"

अक्का माझी थोरली बहीण. वैधव्य आल्यावर ती आमच्याकडे आली, त्याला आतां तीस वर्षें होतील. तिचें आडनांव निराळें. दोन वर्षांपूर्वीं तिच्या नांवाचें निवृत्तिवेतनाचें एक महत्त्वाचें पत्र 'या नांवाचें येथें कोणी नाहीं' असा शेरा घेऊन दारावरून परत गेलें होतें. त्या दिवशीं ती घरांतच होती.

पुतण्यानें सातवी ओळ घालण्यासाठीं अक्षर नऊ मिलिमीटरपर्यंत लहान केलें आणि एका तुकड्यावर कोरून पाहिलें. अक्काच्या नांवाच्या आरंभीं 'द्व' आहे. त्या जोडाक्षरांतला लहानगा 'व' पोकळीसकट उडून गेला. तुकडा पाहून अक्का म्हणाली, "राहूं दे रे. मला आतां पाटी कशाला?" कोणी कांहीं बोललें नाहीं. रात्रीं वहिनींनीं मसुद्याचा कागद पुढें ओढला आणि पेन्सिलीनें पहिल्यांदा स्वतःच्या नांवामागचें 'सौ.' खोडलें, मग पुढचें 'बी. ए.' खोडलें. कागद दादांकडे गेला. दादांनीं आपली डॉक्टरेट मिळवावयास सात वर्षें खर्च केलीं होतीं. त्यांनीं बराच वेळ पेन्सिल हातांत धरली, आणि मग आपल्या पुढची व मागची सर्व अक्षरें एका रेघेनें काढून टाकलीं. उरलेल्यांना मग विचार करण्याचें कारणच उरलें नाहीं.

बिरुदें गेलीं तेव्हां जोडप्याचीं दोन्ही नांवें एका ओळींत बसूं लागलीं. सातांच्या सात ओळींऐवजीं चारच झाल्या, आणि अक्षर पंधरा मिलिमीटरपर्यंत वाढवितां आलें. वयानें सर्वांत वडील म्हणून पहिली ओळ अक्काची, तिच्या आडनांवासह. 'द्व' शाबूत उतरला. आंतली लव पुतण्यानें ताठ कुंचल्यानें आणि दांतकोरण्यानें हळूहळू काढली. तेवढें काम यंत्राला सांगतां येत नाहीं.

पाटी लागली त्या दिवशीं अक्कानें आपल्या नांवावरून बोट फिरविलें आणि एवढेंच विचारलें, "या खोबणींत धूळ बसेल, ती पुसायची कोणीं?" त्याचें उत्तर तिनें स्वतःच दिलें आहे. दर शनिवारीं सकाळीं ती कोरडें फडकें घेऊन दाराबाहेर जाते आणि चारही ओळी क्रमानें पुसून काढते.