दाभोळची तर

गुहागरच्या बाजूला, धोपाव्याच्या धक्क्यावर उभे राहिले, की वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे दाभोळ दिसते. बहामनी राजवटीतले हे नामांकित बंदर. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात इथूनच परतीच्या जहाजात बसला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते जाळले. राज्ये गेली, गलबते गेली. तरीची होडी मात्र खाडी ओलांडीत राहिली.

माझ्या आजीचे माहेर दाभोळ, सासर धोपावे. वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा नेमकी सुकती लागली होती. होडी कांदळांजवळच्या चिखलात रुतलेली. तांडेल म्हणाला, “वैनी, पाणी चढल्याबिगर इलाज नाय.” रात्रभर ती काठावर बसून राहिली. समोर माहेरचे दिवे दिसत होते. पहाटे पोचली, तोवर वडील गेले होते.

२००३ मध्ये इथे मोटारी नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि चिपळूणचा लांबचा वळसा चुकला. परवा आम्ही गाडीसकट पलीकडे गेलो. मुलाने विचारले, “बाबा, एवढीच का हो खाडी?”

मी म्हणालो, “हो रे, आता एवढीच.”