सेवा वेठीची आणि सेवा मनाची

सेवा हा शब्द आपल्या घरांत सहजी गोड लागत नाही. त्याला कारण आहे. आपल्या आजा-पणजांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची सेवाच केली. सांगावे पोचवले, मेलेली ढोरे ओढली, अंमलदाराचे ओझे गावाच्या शिवेपर्यंत वाहिले. बदल्यात काय मिळाले? शिळी भाकर आणि वर शिवी. १९५८ च्या कायद्याने महारकीची वतने गेली, पण मनातला सल गेला नाही. म्हणून कोणी निःस्वार्थ सेवेवर भाषण करू लागला की आमच्या वडिलांच्या कपाळाला आठी पडायची. ते विचारायचे, “कोणी कोणाची सेवा करायची, ते आधी सांगा.”

हा प्रश्न आम्हाला आजही रास्त वाटतो. आम्ही धायरीत राहतो. दिवसा कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. रेशनकार्डातले नाव, विधवा आईची पेन्शन, मुलाचा जातीचा दाखला, असे काही ना काही रोज असतेच. धायरी फाट्यापासून आत वर्कशॉपच्या गल्ल्यांत राबणारी आपली कितीतरी माणसे आहेत. कोणी मराठवाड्यातून आलेले, कोणी नगर जिल्ह्यातून. त्यांच्यातच एक ख्रिस्ती कुटुंब आहे. त्या घरची बाई नर्स आहे. सगळे तिला सिस्टर म्हणतात.

सिस्टर ड्युटी करून घरी येतात, चहा घेतात आणि पिशवी उचलून गल्लीत निघतात. कोणाचे मशीनवर बोट कापलेले असते, कोणा म्हातारीच्या पायाची मधुमेहाची जखम भरत नसते. सिस्टर जखम धुतात, पट्टी बदलतात, डॉक्टरांकडे कधी जायचे ते बजावून सांगतात. पैसे घेत नाहीत. एकदा आमच्या मंडळाच्या एका पोराने त्यांना तोंडावरच विचारले, “सिस्टर, हे सगळं आम्हाला ख्रिश्चन करायला चाललंय का?” सिस्टर पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “माझा देव माझ्याजवळ राहू दे. तुझी आजी चहात साखर किती घालते, ते सांग.”

पोरगा गप्प झाला. पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता, म्हणून आम्ही त्यावर विचार करीत राहिलो.

ख्रिस्ती धर्मात सेवा ही फावल्या वेळातली गोष्ट नाही. येशूने शेवटच्या रात्री आपल्या शिष्यांचे पाय धुतले, असे त्यांच्या शुभवर्तमानात आहे. त्या काळी पाय धुणे हे गुलामाचे काम होते. गुरूने ते आपणहून केले. भुकेल्याला, आजाऱ्याला, तुरुंगातल्या माणसाला जे द्याल ते मलाच पोचेल, अशी त्यांची शिकवण आहे. आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. सोबत्यांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी स्वतः आंघोळ घातली आणि आजाऱ्याची शुश्रूषा ही माझीच शुश्रूषा समजा, असे संघाला सांगितले, ही कथा विनयपिटकात आहे. वेठीची सेवा खालच्याने वरच्याची करायची असते. इथे सगळे उलटे झाले. वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हाला इथे मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर जामखेडला आहे. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या या दुष्काळी तालुक्यात १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य आले. दोघेही ख्रिस्ती, दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९६० साली लग्नाच्या दिवशीच त्यांनी खेड्यातल्या गोरगरिबांसाठी आयुष्य देण्याचा निश्चय केला होता. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परत आले. तिथे राहिले असते तर पैशाला तोटा नव्हता.

त्यांनी नुसता दवाखाना काढला असता तरी लोकांनी हात जोडले असते. पण त्यांनी वेगळे केले. शिकलेल्या नर्सेस खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावागावांतून गावानेच निवडलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यांत अक्षरओळख नसलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, दलित वस्तीतल्या कितीतरी बाया होत्या. सवर्ण बाई आणि दलित बाई शेजारी बसून शिकल्या, एकत्र जेवल्या. बाळंतपण स्वच्छ कसे करायचे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, लसीचे महत्त्व घराघरांत कसे पटवायचे, हे त्या शिकल्या. ज्या बाईची सावली चालत नव्हती, तिच्या हातात गावाने आपली बाळंतीण दिली!

दुष्काळात विंधन विहिरी घेताना त्या दलित वस्तीत व्हाव्यात, याकडे आरोळ्यांनी लक्ष दिले. मग पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे यावे लागले. महाडचे चवदार तळे आठवणाऱ्या आपल्या वाचकांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

१९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या आत आला. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. काम चालू आहे. आज आपल्या दारात येणाऱ्या आशाताई २००५ च्या सरकारी योजनेतून आल्या, पण गावच्याच बाईने गावाचे आरोग्य सांभाळावे, ही वाट जामखेडसारख्या ठिकाणी आधी पाडली गेली होती.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. सेवेच्या आडून धर्मांतर होते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. बाबासाहेबांनी याबाबतीत कोणाचीच भीड ठेवली नाही. शिक्षणात आणि औषधोपचारात मिशनऱ्यांनी केलेले काम त्यांनी मान्य केले. पण धर्म बदललेली माणसे सामाजिक अन्यायाविरुद्ध उभी राहत नाहीत आणि चर्चमध्येही जात शिरते, हेही त्यांनी रोखठोक लिहिले. आपणही तसेच तपासून घ्यावे. मदतीला अट आहे काय? मदत घेतल्यावर माणूस ताठ उभा राहतो, की आणखी वाकतो? या दोन प्रश्नांवर जामखेड उतरते, आमच्या सिस्टरही उतरतात.

आणि धर्माच्या लाभाचे म्हणाल, तर आमच्या टेबलावरचे कागदच बोलतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दाखला अजून मिळत नाही. सिस्टरांचा आणि आमचा आजा एकाच जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरचा. त्यांचे घर मिशनच्या वाटेने गेले, आमचे १९५६ च्या दीक्षेच्या वाटेने. आमच्या मुलाला दाखला आहे, त्यांच्या मुलीला नाही. तरी त्या आमच्या गल्लीतल्या जखमा धुतात. याला लोभ कसे म्हणावे?

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे सेवा होत नाही असे नाही. पण चार वह्या वाटल्या की त्यावर चाळीस फोटोंचा फ्लेक्स लागतो. वही घेणारे पोर त्यात मान खाली घालून उभे असते. त्या पोराचा बाप ते चित्र रोज कामावर जाताना बघतो. हे थांबले पाहिजे.

अलीकडे आम्ही अर्ज लिहून देताना शेजारी एखाद्या शिकलेल्या पोरीला बसवतो. पहिला अर्ज आम्ही लिहितो, दुसरा ती लिहिते, तिसरा ज्याचा त्याने लिहावा असा आग्रह धरतो. लोक कुरकुरतात. पण गेल्या महिन्यात एका धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी आपला अर्ज स्वतः लिहिला, स्वतः कचेरीत दिला आणि पोच घेऊन आल्या. आम्हाला नुसती दाखवायला आल्या होत्या. वडील असते तर त्यांना ती पोच आम्ही जरूर दाखवली असती.